जकार्डचे पत्ते ते पीएलसी

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी कांड्या भरायची. आपल्या शाळेत आठवीत असताना विज्ञानाच्या सरांनी जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, छिद्रं पाडलेल्या जुन्या पत्त्यांची माळ वर्गात आणली. पत्त्यात छिद्र असेल तिथे सुई आत शिरते, आकडा (हुक) उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. छिद्र नसेल तिथे धागा खालीच. चादरीवरचा अख्खा मोर या दोनच गोष्टींवर उभा राहतो, हे सरांनी फळ्यावर चौकोन भरून दाखवलं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जॅकार्डने ही युक्ती मागावर बसवली, हेही तेव्हाच कळलं. आज मी कारखान्यांतली ऑटोमेशनची कामं करतो. त्याचा पाया त्या तासाला घातला गेला, असं मी मनापासून मानतो.

दहावीनंतर विजापूर रोडच्या आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला गेलो. दोन वर्षं, मग अप्रेंटिसशिप. तिथे पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक, पाहिला आणि तो जकार्डचा पत्ता आठवला. पूर्वी मोटार कारखान्यांत रिलेंनी, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांनी, भरलेली कपाटं असत. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसावं लागे. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये त्यावर उपाय मागितला आणि त्यातून मोडिकॉन कंपनीचा पीएलसी जन्मला. तो सेन्सरकडून आलेले ‘आहे’ आणि ‘नाही’ वाचतो, लॅडर (शिडीसारखा मांडलेला प्रोग्रॅम) तपासतो, मोटर-व्हॉल्व्हला हुकूम देतो. सेकंदात कित्येकदा, न थकता.

पण खरं काम पॅनेलबाहेर असतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि गाळपाच्या हंगामात मध्यरात्री फोन येतोच. एकदा बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, बेल्ट चालू केला की काही सेकंदांत ट्रिप होऊन आपोआप बंद पडायचा. मोटर ठीक, ड्राइव्ह ठीक, सगळे प्रोग्रॅमवर संशय घेत होते. मी बेल्टच्या शेपटाकडच्या पुलीपाशी जाऊन बसलो. बेल्ट खरंच फिरतोय का हे कळावं म्हणून तिथे शाफ्टवरचे बोल्ट न शिवता मोजणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. बोल्ट समोरून गेला की त्याचा छोटा दिवा लुकलुकतो. दिवा लागतच नव्हता. हादऱ्यांनी नट सैल होऊन सेन्सर मागे सरकला होता. त्याला लोखंड जेमतेम काही मिलिमीटरवरूनच दिसतं, त्यामुळे पट्टा फिरत असूनही पीएलसीच्या लेखी तो थांबलेलाच होता. सेन्सर पुढे घेतला, लॉकनट आवळला, बेल्ट सुरू झाला.

‘बल्ब लागला नाही तर आधी जोडणी बघा,’ असं सर प्रयोगशाळेत म्हणायचे. टाकीची पातळी विजेच्या प्रवाहातून कळवणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपमध्येही तेच: शून्य पातळीलाही ४ मिलिअँपिअर येतात, म्हणून मीटर शून्य मिलिअँपिअर दाखवू लागला की टाकी रिकामी नाही, वायर तुटली आहे हे ओळखायचं.

आयटीआय म्हणजे कमी मार्कवाल्यांची वाट, हा समज मला मुळीच पटत नाही. दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत मशीन बंद पडली की लोक आधी टेक्निशियनलाच शोधतात. मुलींनीही बिनधास्त यावं. पॅनेल वायरिंगला स्वच्छ, शिस्तशीर हात लागतो.

माझ्याकडे एक जुना पण चालू पीएलसी, काही सेन्सर आणि छोटा कन्व्हेयर आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हा संच तिच्या प्रयोगशाळेला देतो आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या मुलांना तो चालवून दाखवायला मी स्वतः येईन. जकार्डचे पत्ते मिळाले तर तेही घेऊन येतो.