डाइव्हमास्टरची वाट: धक्का, प्रवाळ आणि परतीची हजेरी

बोट सुटायच्या तासभर आधी मी धक्क्यावर असतो. डाइव्हमास्टर, म्हणजे स्कूबा डायव्हर्सच्या गटाला पाण्याखाली नेऊन परत आणणारा वाटाड्या, व्हायला आलेल्यांना पहिलं काम हवेच्या सिलिंडरांचं देतो. गेज लावून दाब बघायचा, तो 200 बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास हवा. झडपेच्या तोंडाची ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारं रबरी कडं, नीट बघायची. चिरलेली असेल तर झडप उघडताच फुसफुसते, आणि बोटीवर सुटी रिंग नसली की एकाची डाइव्ह बुडालीच. मग रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या साधनातून, चार-पाच श्वास घ्यायचे, नजर मात्र गेजच्या काट्यावर. श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर आला तर झडप पुरती उघडलेली नाही. काठावर हे जाणवतही नाही. 20 मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट, आणि तिथे ती अर्धवट झडप गळा आवळते.

पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या डाइव्हमास्टर अभ्यासक्रमाला वय 18 पूर्ण, रेस्क्यू डायव्हरचं (अडचणीतल्या डायव्हरला वाचवण्याचं) प्रशिक्षण झालेलं आणि सुरुवातीला 40 डाइव्हची नोंद लागते. प्रमाणपत्र मिळेपर्यंत 60 व्हाव्या लागतात. 400 मीटर पोहणं, स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून 800 मीटर, 15 मिनिटं तरंगणं, निपचित डायव्हरला 100 मीटर ओढत नेणं: हे सरावाने जमतं. कस लागतो तो साहित्याच्या अदलाबदलीत. दोघांनी पाण्याखाली एकाच रेग्युलेटरवर आळीपाळीने श्वास घेत मास्क, फिन्स (पायातले पंख), बीसीडी (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जाकीट) एकमेकांशी बदलायचे. घाई करणारा इथेच अडतो. मास्क काढला की नाकात पाणी जातं, तोंडात रेग्युलेटर नाही, आणि हात आधी कुठे न्यायचा हे सुचत नाही. मी सांगतो, आपली पाळी संपली की श्वास रोखू नका, बारीक बुडबुडे सोडत राहा.

उतरण्याआधी वजनाची, म्हणजे बुडण्यासाठी अंगावर बांधलेल्या शिशाची, चाचणी. सिलिंडरमध्ये 50 बार उरलेले, बीसीडी रिकामं, नेहमीचा श्वास रोखलेला, अशा वेळी पाणी डोळ्यांच्या पातळीला हवं. भरलेल्या सिलिंडरवर चाचणी केली तर सुमारे 2 किलो वजन जास्त बांधायचं, कारण 12 लिटरच्या सिलिंडरमधून 150 बार हवा वापरली गेली की तेवढंच वजन कमी होतं. माझ्या मते नवख्यांची निम्मी दमछाक जादा शिशामुळे असते: शिसं जास्त म्हणून बीसीडीत हवा जास्त, आणि ती हवा खोलीगणिक फुगते-आक्रसते, म्हणून माणूस सतत वर-खाली हेलकावत राहतो.

नांगराच्या दोराने उतरताना मी गटाकडे तोंड करून मागे सरकत जातो. कानावर हात गेला की तिथेच थांबायचं, मीटरभर वर यायचं, मग पुन्हा प्रयत्न. तळाला पोचल्यावर आधी प्रवाहाविरुद्ध निघायचं, म्हणजे परतीला दमलेल्या माणसांना पाणीच घेऊन येतं. हिशोब डोक्यात तयार हवा: काठावर मिनिटाला 20 लिटर हवा पिणारा माणूस 20 मीटरवर 60 लिटर पितो, 12 लिटरच्या सिलिंडरमधले वापरायचे 150 बार म्हणजे 1800 लिटर, जेमतेम 30 मिनिटं. उतरण्या-चढण्याची हवा त्यातूनच जाते. भेदरलेला माणूस याच्या दुप्पटही पितो, म्हणून त्याचं गेज दर पाच मिनिटांनी विचारावं. बुडबुड्यांची लय तुटली, हात फडफडायला लागले की गेज विचारायच्या आधीच त्याच्याजवळ असायला हवं. सुंदर कासव दिसलं तरी मागे वळून माणसं मोजल्याशिवाय बोट दाखवू नये.

जोडीदार दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधायचं, मग वर.

परतीला मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेगाने चढायचं नाही. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. इथे रिकामं होत आलेलं सिलिंडर तरंगायला लागतं आणि कमी वजनाचा माणूस वर सुटतो, म्हणून मी सगळ्यांच्या किंचित वर राहतो.

बोटीवर चढल्यावर हजेरी. डोकी मोजणं पुरेसं नाही. यादीतलं नाव पुकारायचं, तोंड बघायचं, त्याच्याच तोंडून ‘आहे’ ऐकायचं. दुसऱ्याने त्याच्या वतीने दिलेली हजेरी धरायची नाही. शेवटच्या नावावर खूण झाली की मगच चालकाला इंजिन सुरू करायला सांगायचं.