खाडा

परवा डांबराच्या गोळ्या बदलायच्या म्हणून बार्शीच्या घरातलं आईचं कपाट उघडलं. खालच्या खणात कालनिर्णयचं पान अंथरलेलं. तारखांची बाजू खाली, पाककृतीची वर. ती नेहमी तसंच घालायची, का ते विचारायचं राहिलं. रव्याच्या कसल्याशा वड्यांची कृती निम्मी वाचली आणि पुढचं कुठं गेलं म्हणून पान उलटलं, तर फेब्रुवारी १९९१.

गोळ्या बाजूलाच राहिल्या.

पानभर खुणा होत्या. दुधाचे आकडे निळ्या पेनानं, भांडेवाल्या मावशींचे खाडे गोलात. ज्यांच्या घरी कालनिर्णयवर दुधाचा हिशोब राहायचा त्यांना हे वेगळं सांगायला नको. मधेमधे एक बारीक 'त'. अण्णांनी संक्रांतीला तंबाखू सोडली होती, आणि ज्या दिवशी वास आला त्या दिवशी आई चौकटीत 'त' लिहून मोकळी व्हायची. बोलायची काही नाही. अण्णा सकाळी चहा पिताना भिंतीकडं बघायचे आणि गुपचूप उठून आडतीवर जायचे. त्या फेब्रुवारीत अकरा 'त' आहेत.

आई नगरपालिकेच्या शाळेत बाई होती. हजेरीपट हा शब्द कागदावरचा. शिक्षक त्याला कॅटलॉग म्हणतात, आणि महिनाअखेरीला 'कॅटलॉग पूर्ण करायचाय' असं म्हणतात तेव्हा त्या घरात रात्री पिठलंच होतं. मला वाटतं, घर आणि शाळा असे दोन कॅटलॉग तिनं कधी केलेच नाहीत. एकातच सगळे होतो: साठ पोरं, दूधवाला, मावशी, अण्णा, मी.

माझा खाडा तर तिनं स्वतःच मांडला. चौथीत मी तिच्याच वर्गात होतो. एकदा पोट दुखतंय म्हणून घरी राहिलो. दुखत खरंच होतं. ओवा तिनंच दिला होता, पोटावर हातही तिनंच फिरवला होता. दुसऱ्या दिवशी टेबलाजवळ उभं राहून बघितलं, तर माझ्या नावापुढं खाडा. महिनाभर पूर्ण हजेरी असेल त्याला पेन्सिल मिळायची. मी घरी येऊन भांडलो, "तुला माहीत होतं की मी आजारी आहे!" ती भाजी निवडत म्हणाली, "हो. पण वर्गात होतास का?" यावर काय बोलणार? पेन्सिलीचं मला अजून वाईट वाटतं, हे या वयात सांगायला हरकत नाही.

तिचे स्वतःचे खाडे विचारले तर मात्र ती ताठ व्हायची. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला चोपन्न दिवसांचा संप. घरात पगार नाही, आडतीवरून उधारीत ज्वारी, तरी ती संपात होती. ते सांगताना आवाज चढायचा आणि लगेच उतरायचा, "पोरांची पावकी-निमकी मात्र राहिली ती राहिलीच."

तर ते पान. अठ्ठावीस तारखेला छापलेलं 'होळी', आणि खाली तिच्या गोल अक्षरात: 'रात्र. बेघर.'

दोन मिनिटं काही लागेना. मग एकदम आठवलं, जनगणना! शिक्षकाच्या घरात वाढलेल्याला त्या वर्षीचा फेब्रुवारी कळतो. शाळा सुटली की पॅड, तक्ते, दारोदार. 'किती मुलं?' 'जिवंत किती?' पण घरं मोजून झाल्यावर ज्यांना घर नाही त्यांनाही मोजायचं असतं, आणि ते अठ्ठावीसच्या रात्री. नेमकी तेव्हा होळी पौर्णिमा आली. आईनं पुरणपोळ्या दुपारीच उरकल्या होत्या. आम्ही पोरं चौकात बोंबलत होतो आणि ती पॅड छातीशी धरून निघाली, मागं अण्णा बॅटरी घेऊन. एसटी स्टँड, भगवंताच्या देवळाचा परिसर, छोट्या गाडीचं स्टेशन.

सकाळी धुळवडीला मी विचारलं, "किती सापडले?"

"ते सांगायचं नसतं," म्हणाली. कायदाच आहे तसा, पण ती कायद्याविनाही बोलली नसती. मग अण्णाच म्हणाले, "स्टेशनवर एक म्हातारी झोपलेली. उठवायला तयार नाही ही. म्हणे, जागी होईल. मला बॅटरी विझवायला लावली आणि बाकावर बसून राहिली तासभर."

"झाली का जागी?"

"झाली. नाव सांगितलं, आणि हिला विचारलं, गाडी आली का."

पुढं काही वर्षांनी शाळेत तांदूळ सुरू झाला. ऐंशी टक्के हजेरी असेल तर पोरामागं महिन्याला तीन किलो. तोवर कॅटलॉगच्या बेरजा मारायचं काम माझ्याकडं आलं होतं. तिच्या वर्गात एक पोरगी होती, आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायची-यायची. तिच्या ओळीत चौकटी कोऱ्या. मी म्हटलं, खाडे मांडायचे राहिलेत. "राहू दे, मी बघते." अण्णा कॉटवरून म्हणाले, "टाक की हजर. तुझ्या खिशातनं जातंय का?" त्यावर ती चिडली, "कॅटलॉग आहे तो. आडतीची वही नाही." आणि दिवा मालवला. त्या चौकटींत शेवटी काय भरलं ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी इथं लिहिलं नसतं.

अण्णा आधी गेले, आई नंतर. ती गेली त्या महिनाअखेरीला मावशी पगाराला आल्या. त्याच मावशी, आता पाठीत वाकलेल्या. कालनिर्णय जागेवर होतं आणि खुणा चौदा तारखेपर्यंत. पुढं कोरं. मी पूर्ण महिन्याचे पैसे काढून पुढं केले.

मावशींनी घेतले नाहीत. भिंतीकडं बघून म्हणाल्या, "बाईंनी पुढचं मांडलंच न्हाई. सतरा आन अठराला मी आले नव्हते. ते धरा की."

मी पेन शोधलं आणि दोन गोल काढले. आईचे गोल पुरते मिटलेले असायचे. माझे दोन्ही जरा उघडेच राहिले. मावशींनी चष्मा पुढं घेऊन बघितलं आणि "चालतंय" म्हणाल्या.