सात नंबरचं फुटिंग

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर खोदायला घेतलं की वर मुरूम लागतो आणि खाली काळा कातळ. पावसाळा सरता सरता या दोन्हींच्या सांध्यातून कुठे पाणी फुटेल, याचा नेम नसतो. तिथंच एका निवृत्त शिक्षकांच्या घराचं तळघर आम्ही करत होतो. ९ फुटिंगं, म्हणजे कॉलमखालचे काँक्रीटचे पाये, ५ बाय ५ फुटांची, १५ इंच जाडीची. आदल्या रात्री परतीचा पाऊस झोडपून गेला होता. सकाळी खड्डे उपसले, चिखललेल्या सळया धुतल्या, सळयांची जाळी जमिनीपासून उचलून धरणारे ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक तपासले आणि मिक्सर चालू केला.

दुपारपर्यंत सहा फुटिंगं झाली. डोंगराच्या अंगाचं सातवं अर्धं भरलं आणि कडेनं दुधासारखं पाणी वर यायला लागलं. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर मी थांबवायला लावला, खाली उतरलो आणि मूठभर माल उचलला. हातात खडी राहिली. धुतल्यासारखी स्वच्छ, एकेक दाणा सुटा. सिमेंट पाण्याबरोबर निघून चाललं होतं.

मुकादम म्हणाला, "सायेब, माल टाकत ऱ्हावा, पानी आपसूक वर येतंय. वरनं कोरडं सिमेंट मारू."

पाणी वर येतं हे खरंच, पण येताना सिमेंट घेऊन येतं. एका पोत्याला २५ लिटर पाणी आपण मोजून घालतो ते कशासाठी? वरून सिमेंट भुरभुरलं की पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण खाली सुटी खडीच राहते आणि तिच्यावर उद्या कॉलम उभा राहणार.

"काढा सगळं," मी म्हणालो.

चार पोती सिमेंट मातीत गेलं. सर काठावर उभे होते. मी त्यांना ती मूठ दाखवली. त्यांनी खडी बोटांनी चाळवली आणि म्हणाले, "काढा. घरात माझी नातवंडं राहणार आहेत."

माल आळायच्या आत घमेल्यांनी उपसला. मग मुकादमच पुढे झाला. डोंगराकडच्या भिंतीवर हात फिरवत त्यानं ओल शोधली. मुरूम संपून कातळ लागतो तिथंच, बोटभर रुंदीची फट होती. तिच्या पायाशी, फुटिंगच्या तळापेक्षा दीड फूट खोल चर मारली आणि प्लॉटच्या खालच्या अंगाला काढून दिली. चरीत सच्छिद्र पाइप आणि मोठी खडी भरली. शिवाय फुटिंगच्या बाहेर एक खड्डा घेऊन त्यात पंप सोडला. पंप फुटिंगमध्येच सोडला तर तो सिमेंटच ओढतो, म्हणून बाहेर.

दुसऱ्या दिवशी कोरड्या खड्ड्यात सातवं फुटिंग भरलं. माल नीट आळेपर्यंत पंप बंद पडू द्यायचा नव्हता, म्हणून रात्रभर मी आणि मुकादम डिझेलचा कॅन घेऊन शेजारी बसलो.

तळघराचा स्लॅब भरला त्या दिवशी काम आटोपल्यावर मुकादम पहिल्यांदा खालच्या अंगाला गेला, पाइपच्या तोंडाशी हात धरला आणि तिथूनच ओरडला, "सायेब, वाहतंय!"