तुम्ही विचारलंत म्हणून: चेहऱ्याच्या व्यायामांची यादी

"तुमचं तोंड वाकडं झालं होतं ना? मग कोणकोणते व्यायाम केलेत, तेवढी यादी पाठवा." कुणाच्या भावाला झालेलं असतं, कुणाच्या सुनेला, कधी खुद्द विचारणाऱ्यालाच. मी यादी पाठवत नाही. फोन करा म्हणते, फोनवर भलतंच काहीतरी विचारत बसते आणि समोरच्याचा हिरमोड होतो. "स्वतःचं निभावलं की लोक हात आखडता घेतात," असं एकीने सुनावलंही. ते लागलं. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते, यापुढे हेच पाठवीन.

विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांना चेहऱ्याचा लकवा, दुसऱ्यांना सुरकुत्या. दुसऱ्यांचं आधी उरकते. गाल भरावेत, चेहरा तरुण दिसावा म्हणून करायच्या व्यायामांवर अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. 40 ते 65 वयाच्या बायका, रोज अर्धा तास असे 8 आठवडे, मग 20 व्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड. फोटो बघणाऱ्या डॉक्टरांना त्या सुरुवातीला सरासरी 50.8 वर्षांच्या वाटल्या, शेवटी 48.1 च्या. बातम्यांत एवढंच आलं. तपासलेल्या 20 गोष्टींपैकी सुधारलं ते गालांचं भरलेपण तेवढं, वरचं आणि खालचं. 27 जणींपैकी शेवटपर्यंत टिकल्या 16, आणि व्यायाम न करणाऱ्यांचा गट तुलनेला ठेवलाच नव्हता. करायचे तर करा, माझी काही हरकत नाही. फक्त कपाळाचा स्नायू वर्षानुवर्षं आवळून ज्या आठ्या पडल्या, त्या घालवायला तोच स्नायू आणखी आवळायचा, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. असो.

आता लकवावाले. तुम्ही व्यायाम विचारता आणि मी उलट विचारते, "किती तास झाले?" चिडू नका. तोंड वाकडं झाल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारी स्टिरॉइडची गोळी, सुरू केली तर फरक पडतो. या दुखण्यात खात्रीने सांगता येईल असं फार थोडं आहे, त्यातलं हे एक. स्कॉटलंडमधली एक मोठी चाचणी 2007 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ महिन्यांनी ही गोळी घेतलेल्यांपैकी 94.4 टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी 81.6 टक्के. मग मी विचारते, "कपाळाला आठ्या घालता येतात का?" बेल्स पाल्सीत, म्हणजे चेहऱ्याच्या या लकव्यात, बिघडते ती चेहरा हलवणारी सातवी नस. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात ती सुजते आणि त्या बाजूचं कपाळसुद्धा गुळगुळीत होऊन जातं. ओठ वाकडा झालाय पण कपाळ दोन्हीकडे नीट हलतंय, किंवा हातपाय, बोलणं यांत काही गडबड वाटतेय, तर पक्षाघाताची, म्हणजे मेंदूच्या झटक्याची, शंका घ्यायची आणि तडक इस्पितळ गाठायचं. आणि तिसरं, "झोपताना डोळा पूर्ण मिटतो का?" नसेल मिटत तर थेंब, मलम, रात्री पट्टी. व्यायाम चुकले तर निस्तरता येतात, कोरडं पडून बुबुळाला जखम झाली तर नजरेवर बेततं.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणता, हो हो, ते सगळं झालं, आता व्यायाम सांगा.

इथे माझी पंचाईत होते. कोपनहेगनच्या एका डॉक्टरांनी 25 वर्षं असे रुग्ण पाहिले, कसलाही उपचार न करता नुसती नोंद ठेवली आणि 2002 साली ती छापली. बेल्स पाल्सीच्या 1,701 जणांपैकी 71 टक्के आपोआप पूर्ववत झाले. 85 टक्के लोकांत पहिल्या तीन आठवड्यांतच काहीतरी हालचाल दिसू लागली होती. याचा अर्थ बघा. कुणी फुगे फुगवले, कुणी दिवसभर च्युइंगगम चघळलं, कुणी गालाला शेक दिला, आणि दहातले सात जण असेही बरे होणारच होते. त्यातला प्रत्येक जण आता छातीठोकपणे आपला उपाय सांगतो. (च्युइंगगमचं तर नवलच. चावायचे स्नायू पाचव्या नसेवर चालतात, ती बिचारी धडधाकट असते.) त्यांच्यापाशी यादी आहे. ती चुकीची आहे असंही मला सिद्ध करता येत नाही.

मी मात्र उरलेल्या 15 टक्क्यांतली. काही महिने अर्धा चेहरा ढिम्म. चूळ भरली की पाणी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. "प" म्हणायला गेलं की हवा निसटायची.

त्या काळात माझ्याकडेही यादी होती. जिथे उपचार चालू होते तिथे एक झेरॉक्स कागद मिळाला होता. भुवया उंच करा, नाक फेंदारा, गाल फुगवा, दात दाखवा, ओठांचा चंबू करा, डोळे घट्ट मिटा. खाली ठळक अक्षरांत, "जमेल तेवढा जोर लावून." शिवाय करंटचं मशीन. मी तो कागद आरशाच्या कडेला खोचून ठेवला आणि जीव तोडून व्यायाम केले. जेव्हा पहिल्यांदा ओठाचा कोपरा थरथरला तेव्हा मला वाटलं, कष्टाचं चीज झालं. मग जोर दुप्पट केला. सांगितलं होतं तेच करत होते, हे आधी नोंदवून ठेवते.

पुढे हसू आलं, डोळा मिटू लागला, लोक म्हणाले, काही कळत नाही हं आता. फक्त गाल ओढल्यासारखा वाटायचा. त्यासाठी म्हणून मी दुसऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. या बाई फक्त चेहऱ्याचंच काम करतात. खरं सांगायचं तर मी शाबासकी घ्यायलाच गेले होते. खुर्चीत बसल्याबसल्या गाल फुगवून दाखवले, दात दाखवले. त्या काहीच बोलल्या नाहीत. फोन स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाल्या, "आता डोळे मिटा. घट्ट नाही, झोपेत मिटतात तसे." मी मिटले. "ओठ हलला का?" मी म्हटलं, नाही. "बरं. उघडा. आता 'ऊ' म्हणा." म्हटलं. "डोळ्याला काही झालं?" नाही, म्हटलं ना. माझा आवाज थोडा चढलाही असेल.

मग त्यांनी ते रेकॉर्डिंग दाखवलं.

डोळे मिटलेले असताना आपला चेहरा कसा दिसतो हे आरसा कधीच सांगू शकत नाही, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. पडद्यावरच्या बाईने डोळे अलगद मिटले आणि त्याच क्षणी तिच्या ओठाचा उजवा कोपरा गालाकडे सरकला, हनुवटीवर खळगे पडले, मानेवर कातडीखाली एक पट्टा ताठ उभा राहिला. ती कुणाला तरी कुत्सितपणे हसत असावी असं वाटत होतं. पुढे "ऊ" आला. ओठ पुढे आले आणि उजवा डोळा अर्ध्यावर मिटला. थेरपिस्टनी ते संथ गतीने पुन्हा दाखवलं. ओठ, डोळा. ओठ, डोळा. दोन्हींत क्षणाचंही अंतर नाही. मला आठवलं, गेले कित्येक दिवस मी बोलत असताना लोक मध्येच माझ्या एकाच डोळ्याकडे बघायचे. मला वाटायचं, डोळा आता छान दिसतो म्हणून.

त्यांनी हातमोजा घातला, अंगठा गालाच्या आत आणि बोट बाहेर असा चिमटीत स्नायू धरला. तो सुंभाच्या गाठीसारखा लागत होता, मलाही आतून कळलं. ज्या बाजूला मी अशक्त समजून बळकट करत होते, ती मुळी अशक्त राहिलीच नव्हती. ती सतत आवळलेली होती आणि सगळे स्नायू एकदम ओढत होती. सिनकायनेसिस म्हणतात याला. मी विचारलं, "मग आता आणखी कोणते व्यायाम करू?" त्या म्हणाल्या, "कमी करा. फार कमी." घरी करायला दिलं ते इतकंच. आरशासमोर चेहरा सैल सोडून बसायचं, आणि "ऊ" ला सुरुवात करायची, पण डोळा आकसायला लागण्याच्या आधी थांबायचं. तेवढीच हालचाल. ती इतकी बारीक होती की शेजारी बसलेल्याला दिसलीही नसती.

मला भयंकर राग आला. एवढे कष्ट घेतले ते काय यासाठी? कागद देणाऱ्यांचा राग, या बाईंच्या शांतपणाचा राग, सगळ्यात जास्त त्या व्हिडिओतल्या चेहऱ्याचा. फी देऊन बाहेर पडले आणि ते "ऊ" वगैरे काही केलं नाही, बरेच दिवस.

तेव्हा काय, त्या व्यायामांनी माझं वाटोळं केलं? तुम्हाला असं सरळ वाक्य हवं असतं, मलाही हवं होतं. पण ते टिकत नाही. इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, आणि वाढताना तिच्यातले काही तंतू आपला स्नायू सोडून भलत्याच स्नायूत शिरतात. डोळ्याचे ओठात, ओठाचे डोळ्यात. काहींचे तर लाळेच्या ग्रंथीकडे जायचे ते अश्रूंच्या ग्रंथीत जातात आणि जेवताना डोळ्याला धार लागते. कपाळ उडवून किंवा गाल फुगवून कुणी तंतूंची वाट चुकवू शकत नाही. मग कागद निर्दोष? तसंही नाही. मी हाच वाद थेरपिस्टशी घातला, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाट जोराने चुकली नसेल, पण सगळं एकदम ओढायची सवय जोराने पक्की झाली असेल." "असेल" म्हणाल्या, "आहे" म्हणाल्या नाहीत. उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2011 च्या आढाव्यातही करंटचा फायदा दाखवणारा पुरावा सापडला नाही. माणूस बघून बेतलेल्या व्यायामांना मध्यम किंवा जुन्या लकव्यात थोडा आधार मिळाला, तोही कच्चाच.

आरशासमोर घाम गाळणाऱ्या त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, मी अजून भांडते. मी म्हणते, स्वस्थ बसायचं होतंस. ती म्हणते, अर्धा चेहरा मेलेला असताना? करायला काहीतरी हातात होतं म्हणून मी रोज त्या चेहऱ्याकडे बघू शकले, नाहीतर आरसा पालथा घातला असता. तिच्या या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सध्या मी करते ते असं. गाल आतून-बाहेरून मळते, सावकाश ताणते. अर्धवट हसते, डोळा मोठा ठेवून, दोन्ही बाजू सारख्या दिसतील एवढंच. म्हणजे चांगल्या बाजूलाही आवरावं लागतं. हातापायाच्या स्नायूंत ताण कळवणाऱ्या ज्या बारीक यंत्रणा असतात त्या चेहऱ्याच्या स्नायूंत जवळजवळ नसतात, म्हणून आरसा लागतोच. नेदरलँड्समध्ये मूकाभिनय करणारा एक नट आणि कान-नाक-घशाचे एक डॉक्टर यांनी मिळून या धर्तीची एक पद्धत बसवली. तिच्यातही जोर नाही, सैल सोडणं आणि आवरणं आहे. पण हे मी माझ्या आवळलेल्या चेहऱ्यासाठी करते. तुमच्या भावाचा चेहरा अजून ढिम्म असेल तर त्याला यातलं काहीच लागू नाही. आणि हालचाल परतल्यावर त्याला काय लागेल, हे त्याच्या डोळ्याकडे आणि ओठाकडे एकाच वेळी बघणारं कुणीतरी ठरवायला हवं. यादी का देत नाही, ते एवढंच. हात आखडता घेतला म्हणायचं तर म्हणा.

राहता राहिलं बोटॉक्स. डोळ्याभोवती आणि मानेच्या त्या पट्ट्यात थोडं दिलं तर ओढ ढिली पडेल असं डॉक्टर म्हणतात. सिनकायनेसिसवर ते सर्रास वापरतात, परिणाम काही महिन्यांत उतरतो, मग पुन्हा टोचायचं. जो स्नायू हलावा म्हणून एवढा आटापिटा केला, तो हलू नये म्हणून सुई घ्यायची, याला मन तयार होत नाही. थेरपिस्टचं म्हणणं, घ्या, म्हणजे त्या मुदतीत "ऊ" नीट शिकता येईल. माझं म्हणणं, आणखी थोडं थांबू. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.