कंटेम्प्ट आणि हिंग

तपकिरी पाकिटातून पत्र आलं: जूरीच्या कामासाठी हजर व्हा. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "कोर्टाचं पत्र? काय करून बसलास रे?" जूरी म्हटलं की तिला १९५९ सालचा नानावटी खटलाच आठवतो. भारतीय पासपोर्टवाल्याला इंग्लंडात जूरीवर बोलावतात हे मलाही नवंच होतं. पण कॉमनवेल्थ देशांतल्या, इथे रीतसर राहणाऱ्या नागरिकांना मतदारयादीत नाव घालता येतं, आणि जूरीची नावं त्याच यादीतून निघतात. पाच वर्षं इथे काढलेली असली म्हणजे झालं.

कोर्टात गेलो तर जिकडेतिकडे एकच शब्द: कंटेम्प्ट. फोटो काढलात, कंटेम्प्ट. न्यायाधीशांचा हुकूम मोडलात, कंटेम्प्ट. वरिष्ठ कोर्टात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शाळेत या शब्दापुढे आम्ही 'तिरस्कार' असं लिहून पाठ केलेलं. त्या पाठांतराच्या जोरावर ऑफिसात एकदा म्हणालो होतो की मला मार्माइटबद्दल कंटेम्प्ट आहे. (मार्माइट म्हणजे यीस्टचा काळाकुट्ट खारट लगदा, हे लोक टोस्टला फासून खातात.) टेबलावरचे सगळे खो खो हसले. शेजारची बाई म्हणाली, "अरे, आवडत नाही म्हण. त्या बिचाऱ्या बरणीला इतकं खालच्या पायरीवर का बसवतोस?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तिरस्कारात धग असते, माणूस आतून पेटलेला असतो. कंटेम्प्ट थंडगार. समोरचा रागावण्याच्याही लायकीचा नाही, असा त्याचा भाव. शब्दकोश 'तुच्छता' म्हणतात ते बरोबरच आहे, पण आपल्याकडे नेमकं बोलतात ते असं: त्याला हिंग लावूनही विचारत नाही.

कोर्टाच्या कंटेम्प्टचंही तसंच. न्यायाधीशांचा द्वेष करायची गरजच नाही. कोर्टाला हिंग लावून विचारलं नाहीत, की झाला अवमान. सरकारही त्यातून सुटत नाही. ब्रेक्झिटबद्दलचा कायदेशीर सल्ला पूर्ण उघड केला नाही म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या कॉमन्स सभागृहाने ३११ विरुद्ध २९३ मतांनी खुद्द सरकारलाच संसदेच्या कंटेम्प्टबद्दल दोषी ठरवलं होतं.

इंग्रजीत म्हणतात, फार जवळीक झाली की कंटेम्प्ट येतो. आपली 'अतिपरिचयात अवज्ञा' तीच, पण आपल्या सुभाषितात पुढे मलय पर्वतावरची भिल्लीण आहे, चुलीत चंदन जाळणारी. तिचा चंदनावर काडीचा राग नाही. तिच्या लेखी ते सरपण, बस्स. या शब्दाचा अर्थ मला कुठल्याही डिक्शनरीपेक्षा त्या चुलीने नीट समजावला.

काम संपवून घरी आलो. आई फोनवर वाटच बघत होती. "मग? सुटला की अडकला? तुम्ही बारा जण आत काय बोललात?"

"निकाल सांगतो. पण आतली चर्चा नाही सांगता येणार. गुन्हा आहे इथे."

"आईलासुद्धा नाही?"

"आईलासुद्धा नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात दिला.