ताहको पिहकालाचं मैदान: 1:200 वर काम कुठवर आलं

मंडळी, खेळांची मैदानं प्रमाणात रेखाटायच्या आपल्या संचात आट्यापाट्या, लगोरी आणि खो-खो झाल्यावर आता फिनलंड. पेसापालो या तिथल्या बेसबॉलसारख्या खेळाचं मैदान पेन्सिलीत पूर्ण झालंय, शाई अर्धी चढलीय. पुरुषांचं मैदान 96 मीटर लांब आणि 42 मीटर रुंद, म्हणजे आपल्या 1:200 च्या प्रमाणात 48 बाय 21 सेंटीमीटर. अर्ध्या इम्पिरियल कागदावर समास सोडूनही आरामात बसतं. फलंदाजाच्या ‘घरा’पाशी निमुळतं, मग दोन्ही बाजूंनी पसरत जाणारं आणि पुढे मागच्या रेषेपर्यंत सरळ, असा त्याचा आकार.

आपल्या संचात आजवर कागदाची मागची बाजू कोरी राहायची. लगोरी कुणी शोधून काढली, हे कुणाला विचारणार? इथे मात्र खेळाला बाप आहे: लाउरी पिहकाला, सगळ्या फिनलंडचा ‘ताहको’. त्यामुळे मागे त्याचं चरित्र लिहायला घेतलं, आणि खरं सांगायचं तर पुढच्या बाजूपेक्षा जास्त वेळ तिथेच गेला.

जन्म 1888, गाव पिहतिपुदास. घराण्याचं मूळ आडनाव गुम्मेरुस. 1906 मध्ये हजारो फिनिश कुटुंबांनी स्वीडिश वळणाची आडनावं टाकून फिनिश घेतली, त्या लाटेत हे पिहकाला झाले. पठ्ठ्या 1908 च्या लंडन आणि 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला गेला. स्टॉकहोमला 800 मीटर धावला. पदक नाही. त्याच स्पर्धेत हान्नेस कोलेहमाइनेननं लांब पल्ल्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदकं घेतली. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता. संघ वेगळा उतरला खरा, पण जिंकल्यावर वर चढणारा झेंडा रशियाचाच. पुढे आयुष्यभर हा माणूस खेळाकडे देश उभा करण्याचं साधन म्हणून का पाहत राहिला, ते मला इथे थोडंफार कळतं.

1907 मध्ये अमेरिकेत त्यानं बेसबॉल पाहिला. खेळ त्याला आवडला, पण त्यातलं नुसतं उभं राहणं नाही. गोलंदाज आणि फलंदाज भारी असले की बाकीचे सगळे प्रेक्षकच. मग फिनलंडमधला जुना राजा-चेंडू, स्वीडनचा ब्रेनबोल आणि रशियाचा लाप्ता यांच्यात बेसबॉल मिसळून त्यानं बरीच वर्षं प्रयोग केले. 14 नोव्हेंबर 1920 ला हेलसिंकीच्या कैसानिएमी मैदानावर पहिला जाहीर सामना झाला आणि 1922 मध्ये खेळाला आजचं नाव मिळालं. नोव्हेंबरात, हेलसिंकीत, उघड्यावर! हौसेला मोल नाही.

आता शाईकडे. धावण्याचा मार्ग मी लाल शाईनं घेतलाय, आणि पिहकाला खरा कळतो तो या रेषेतून. बेसबॉलचा चौकोन इथे नाहीच. घराकडून पाहिलं तर पहिला बेस (धावून गाठायचा तळ) डावीकडे, दुसरा पार उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. पहिला सगळ्यांत जवळ, पुढचं अंतर वाढत जातं. मैदान आडवं कापत पळायचं आणि तेही क्षेत्ररक्षकांच्या नाकासमोरून. गोलंदाज तर फलंदाजाच्या शेजारीच उभा राहतो आणि चेंडू सरळ वर उडवतो, डोक्याच्या वर किमान एक मीटर. असा चेंडू फटकावणं अवघड नाही, तो कुठे टाकायचा हे अवघड. जोरात हाणून मागच्या रेषेबाहेर टप्पा पाडला, तर फटका फुकट. म्हणजे नुसत्या ताकदीला भाव नाही, आणि उभं राहायला कुणाला सवड नाही. 800 मीटरवाल्यानं आखलेलं मैदान आहे हे, असं माझं ठाम मत.

दोन नियम समासात लिहून ठेवलेत. पहिल्या दोन फटक्यांवर फलंदाजानं धावलंच पाहिजे असं नाही, तिसऱ्यावर मात्र सुटका नाही. आणि फटक्याचा झेल घेतला गेला तर धावणारा बाद न होता ‘जखमी’ होतो: मैदान सोडतो, पण बादच्या हिशेबात धरला जात नाही.

हा ‘जखमी’ उगाच आलेला नाही. 1918 च्या यादवी युद्धात पिहकाला पांढऱ्यांच्या, म्हणजे कामगारांच्या लाल फौजेविरुद्ध लढणाऱ्यांच्या, बाजूनं होता, आणि नंतर त्या बाजूच्या स्वयंसेवी संरक्षक दलात खेळाचं काम पाहू लागला. पळणं, आडोसा गाठणं, नेमकं फेकणं, इशाऱ्यावर एकत्र हलणं: सैनिक घडवायला हा खेळ उपयोगी, असं तो उघड म्हणायचा. त्याचा भाऊ मार्त्ती तर संप फोडणाऱ्या संघटनेचा म्होरक्या. युद्धानंतर फिनलंडमधलं क्रीडाजगतही दुभंगलं. कामगारांनी 1919 मध्ये आपला वेगळा क्रीडासंघ काढला, आणि पेसापालो बराच काळ पांढऱ्यांचा खेळ समजला गेला. चरित्रात हे बारीक अक्षरात ढकलावं, असं गटातल्या एकाचं म्हणणं होतं. मी तेवढ्याच ठळक अक्षरात लिहिलंय. माणूस मोठा होता म्हणून त्याची बाजू पुसायची नसते, आणि बाजू पटली नाही म्हणून त्याचा खेळ लहान होत नाही.

नेता म्हणून त्याची बाकी कामगिरी थोडक्यात: प्रशिक्षण, लिखाण, शाळांतल्या खेळांचा आग्रह. 1930 मध्ये पेसापालोची राष्ट्रीय संघटना झाली, 1932 पासून पूर्व विरुद्ध पश्चिम हा मानाचा सामना सुरू झाला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खेळाचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा ताहको 64 वर्षांचा होता. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं ते याच ऑलिंपिकमध्ये, त्यामुळे त्या ओळीशेजारी त्यांचंही नाव टाकलंय. 1981 मध्ये, 93 व्या वर्षी ताहको गेला. 2019 ची पेसापालोची विश्वचषक स्पर्धा पुण्यात झाली, तीही नोंद मागे आहे. त्या वेळी मैदानावर गेलेलं कुणी गटात असेल तर आखणीचे फोटो जरूर टाका.

राहिलेलं काम: घराची गोल पाटी (प्रत्यक्षात 60 सेंटीमीटर, म्हणजे कागदावर जेमतेम 3 मिलिमीटर; तिला 0.1 चं पेन लागणार), क्षेत्ररक्षकांच्या नऊ जागा आणि संघप्रमुखाचा रंगीत पंखा. खेळाडूंना इशारे तो या पंख्यानं देतो. पंख्याला जलरंग वापरू की रंगीत पेन्सिल, ते ठरत नाहीये. लाल शाईशेजारी जलरंग फुटतो का, कुणाला अनुभव असेल तर कळवा. यानंतर लाप्ता घेणार, त्याच प्रमाणात, म्हणजे दोन्ही कागद शेजारी ठेवून बघता येतील.