पिकअपचं इंजिन आज घरीच उतरवलं

द्राक्षाची खरड छाटणी उरकली, बेदाणा स्टोरेजला जाऊन पडला, म्हणजे गाडीला आता थोडे दिवस काम नाही, आणि वळीव रोज संध्याकाळी अंगणात चिखल करायच्या आत हे काम ओढायचं असं तात्यांचं आणि माझं कधीपासून चाललं होतं. आज झालं एकदाचं. बोलेरो पिकअपचं इंजिन, 2523 सीसीचं, आपल्या दारात, आपल्या हातानं खाली घेतलं.

दुखणं जुनं होतं. माल भरून चढाला लागली की निळा धूर, ऑइल खायला लागलेली, आणि चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं की भकाभका वाफ मारायची. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन, म्हणजे वरची दाबलेली हवा, खाली ऑइलच्या चेंबरकडं निसटतंय हे शेंबडं पोरगंही सांगेल. गॅरेजवाल्यानं गाडी सोडून जा, फुल इंजिनचं काम करून देतो म्हणलं. पण रिंगा गेल्या कशानं? ते त्याला विचारलं तर म्हणला चालायचंच, गाडी जुनी झाली. ते काय मला पटलं नाही. एवढे पैसे घालायचे आणि कारण कळलंच नाही तर नवीन रिंगाही त्याच वाटेनं जाणार की.

तात्या किर्लोस्करवाडीला पंपाच्या असेंब्लीला होते, रिटायर होईपर्यंत. 1910 साली कुंडलच्या माळावर उभा राहिलेला तो कारखाना, तिथली शिस्त त्यांच्या अंगातच मुरलीय. पाना हातात घ्यायच्या आधी त्यांनी मोठा पुठ्ठा मागितला. त्यावर पेनानं इंजिनचा अंदाजे नकाशा काढला, भोकं पाडली, आणि जो बोल्ट जिथला निघाला तो पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचायचा. बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कवचाचे, बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, जोडताना तिथंच माणसं फसतात. वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटला चिकटपट्टी लावून नंबर टाकला, मोबाईलवर फोटो काढले ते वेगळेच.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. मग कूलंट घमेल्यात उतरवून लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, कारण ते चवीला गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात, आमचा मोत्या तर सकाळपासून तिथंच घुटमळत होता. रेडिएटर, पंखा, सेल्फ, डायनमो भराभर निघालं. डिझेलच्या पाइपांना मात्र तात्यांनी घाईनं हात लावू दिला नाही. आपला फवारणीचा एचटीपी पंप तीस-चाळीस बारला चालतो आणि त्याची धार किती लागते माहितीय, इथं कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या जाड नळीत, हजार बारच्या पुढं प्रेशर असतं, ते उतरावं म्हणून गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली होती. पाइप सुटला की लगेच तोंडाला स्वच्छ टोपण, धुळीचा एक कण जरी इंजेक्टरात गेला तरी खर्च वाढला. सायलेन्सरच्या नटांनी तेवढा घाम काढला, गंजून एकजीव झालेले, तेल सोडून सोडून शेवटी सुटले.

आता मला जे लिहायचंय ते. एअर फिल्टरपासून टर्बोकडं, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याकडं, जाणारी रबरी नळी मी काढली आणि तात्यांनी ती उन्हात धरली. वरून ठणठणीत. पण खालच्या बाजूला, वाकणापाशी, क्लिपच्या जवळ बोटभर चीर, नळी दाबली तरच उघडणारी. आणि आत, चिरेपासून टर्बोच्या दिशेनं, तांबूस धुळीचा पट्टा, बोट फिरवलं तर कचकच लागणारा. टर्बोची पाती कडेला झिजलेली. म्हणजे फिल्टर मी वेळेवर बदलत होतो आणि हवा त्याच्या पुढूनच आत शिरत होती, आमच्या द्राक्षबागेच्या वाटेवरची सगळी माती घेऊन. रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं, त्यानंच खाल्लं. तात्या एवढंच म्हणले, "हे बघ, सापडला चोर." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. गॅरेजमध्ये ही नळी एखाद्या पोरानं काढून कोपऱ्यात टाकली असती आणि काम झाल्यावर हीच परत बसवली असती.

दुपारनंतर बोअरवेलची मोटर काढायचा लोखंडी घोडा आणि चेन पुली शेजारच्यांकडून आणली. बेदाण्याच्या शेडच्या अँगलला टांगू असं भाऊ म्हणत होता, तात्यांनी साफ नाही म्हणलं, तो अँगल जाळीचा भार घ्यायला केलेला, दोनशे किलोच्या पुढचं इंजिन घ्यायला नाही. गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडी ठोकळा दिला, माउंटिंग सोडली, आणि इंजिन सरळ पुढं ओढलं. वाकडं ओढलं तर सगळं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येतं आणि क्लच प्लेट जाते. शाफ्ट सुटल्यावर पुढचं तोंड वर करून उचललं आणि गाडीच मागं ढकलली. लटकत्या इंजिनखाली कुणाचा हात-पाय नाही, हे तात्या शेवटपर्यंत ओरडत होते आणि ते बरोबरच आहे.

आता जुन्या टायरवर टेकवून ताडपत्री बांधलीय. उद्या चेंबर आणि हेड खोलायचं, परवा ब्लॉक आणि क्रँक सांगलीला लेथवर. बोअरची मापं घेतली की ओव्हरसाइज पिस्टन का नवीन स्लीव्ह, म्हणजे बोअरचं आतलं अस्तर, ते कळेल. नळी आणि दोन्ही क्लिपा मात्र आजच सांगून ठेवल्या.